माझा आताचा पत्ता

१२ सप्टेंबर

बाबा,

तुमचा माणूस आला होता. मी गेले नाही. हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल, पण माझ्या हातचंही असू दे.

सकाळचं पहिलं ऑपरेशन चालू होतं. लढाई चालू आहे म्हणून अपेंडिक्स फुटायचं थांबत नाही. शाळकरी पोर, पोट उघडलेलं, आणि थिएटरच्या दारात वकिलातीचे सेक्रेटरी, पायातल्या बुटांसकट. मेट्रननी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मग ते काचेतून बोलले. शेवटची गाडी खाली उभी आहे, विमान दुपारी सुटेल, आपल्या देशाचे सगळे नागरिक बसले, मी एकटी राहिलेय.

मी म्हटलं, "या मुलीला भूल मी दिलीय. मी गाडीत बसले तर हिला जागं कोण करणार?"

"दुसरे भूलतज्ज्ञ नाहीत का?"

"होते ना. तुमच्या पहिल्या गाडीतून गेले."

ऑपरेशन संपेपर्यंत ते थांबले. माणूस वाईट नाही, नुसता घाबरलेला होता. जिन्यात मला समजावत होते, "मॅडम, हा रस्ता आजवर वाचलाय, कारण साहेबांनी पलीकडच्यांशी बोलून तशी सोय करून ठेवलीय. पण ती सोय कायमची नाही." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली आणि गाडीच्या दिशेने जवळजवळ पळालेच.

बाबा, कसली सोय?

फोन करू नका. फोनवर तुम्ही माझं बोलणं तोडता आणि मग मी फोन तोडते. मी इथली नोकरी धरली तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिथे जाऊन तू काय दिवे लावणार आहेस?" आणि मला सोडायला विमानतळावरही आला नाहीत. तेव्हापासून आपण दादाच्या मार्फत एकमेकांची खुशाली विचारतोय, जणू आपण दोन देश आहोत आणि तो बिचारा मध्यस्थ. आता तुम्ही खरोखरच मध्यस्थ झालात. दोन मित्रदेशांची लढाई थांबवायला आपल्या सरकारने धाडलेले विशेष दूत. तेव्हा मला लिहून उत्तर द्या. मदत संस्थेची पांढरी गाडी दर गुरुवारी सीमेवर जाते, ती टपाल नेते आणि आणते.

पोर शुद्धीवर आली. पहिला शब्द तोंडातून निघाला तो शिवी. मेट्रन म्हणाल्या, "ही जगणार."

तुमचा,
बंडोबा
(हे नाव तुम्हीच ठेवलंत. थंडोबा व्हायची वाट बघू नका.)


१५ सप्टेंबर

बाबा,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. सोय कसली ते मी स्वतःच पाहून आले.

आमच्या हॉस्पिटलच्या रस्त्यावर सगळ्या खिडक्यांना काचा आहेत. समोरच्या घड्याळजीच्या दुकानाची काचसुद्धा शाबूत आहे, आत घड्याळं टिकटिक करताहेत. आणि मागची गल्ली ओलांडली की घरांना समोरची भिंतच नाही. पलंग, कपाट, भिंतीवरचा आरसा, सगळं रस्त्यावरून दिसतं. मधे रस्ता केवढा, तर एक हातगाडी जाईल एवढा. लोकांना हे कधीच कळलंय. संध्याकाळ झाली की चादरी घेऊन बायका-पोरं आमच्या आवारात येतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "इथे पडत नाही." का पडत नाही ते त्यांना माहीत नाही. कुणी म्हणतं इमारतीचं नशीब चांगलं.

मी काय बोलू? इमारतीचं नशीब तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमधे काम करतं, आणि त्याचे वडील मोठ्या हुद्द्यावर आहेत, असं सांगू?

काल टीव्हीवर तुम्हाला पाहिलं. निळा टाय. "दोन्ही देश आमचे जुने मित्र आहेत. दोघांनीही संयम बाळगावा." बाबा, दोघांचीही विमानं आपल्याच कारखान्यातली आहेत. आवाज इतका सारखा की भोंगा वाजवणाऱ्याला कळत नाही, आपलं परत येतंय की त्यांचं येतंय. आता तो प्रत्येकालाच भोंगा वाजवतो. दोघांच्याही तोफगोळ्यांवर आपल्याच भाषेतली अक्षरं. माझ्या ट्रेमधे निघालेला एक तुकडा मी वाचला. 'कोरड्या जागी ठेवावे' असं लिहिलं होतं. तो एका आजोबांच्या मांडीत होता. आमचं हॉस्पिटल मुलांचं, पण आता सगळ्यांनाच घेतो.

तुम्ही दादाला म्हणालात म्हणे, की आपलं कुणीच ऐकत नाही, दोघं लढून दमले की आपणहून टेबलावर येतील. तेवढं मी खरं मानलं असतं. पण तुमच्या एका फोनने एक रस्ता वाचलाय. म्हणजे ऐकतात. तुम्ही मागितलंत आणि त्यांनी दिलं. तुम्ही एवढंसंच मागितलंत.

आपल्या घरात भूल देणारे दोघं. फरक एवढाच, की माझा पेशंट शुद्धीवर येईपर्यंत मी त्याच्या उशाशी बसते.

बंडोबा


२४ सप्टेंबर

बाबा,

माझा आताचा पत्ता: रेल्वे वसाहतीतली मुलींची शाळा, तळमजला, चित्रकलेचा वर्ग. वसाहत नकाशावर सापडेल. पाण्याच्या टाकीला लागून.

नीट सांगते. ही कल्पना माझी नाही, आमच्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरची. सगळे त्यांना मामा म्हणतात. पोट सुटलेलं, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा, आणि तोंड दिवसभर चालू. त्यांची बायको आमच्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. ती महिन्यात दहा शब्द बोलते, उरलेले तिच्या वाटचे मामा बोलतात.

सेक्रेटरी जिन्यात काय बोलले ते मामांनी ऐकलं होतं. चार दिवस गप्प राहिले, हा त्यांच्यासाठी विक्रम. मग वसाहतीतून जखमी घेऊन आले, स्ट्रेचर उतरवलं आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुम्ही म्हणजे आमची छत्री निघालात की."

मी म्हटलं, "मामा, कुणाला सांगू नका. लाज वाटते मला."

"लाज कशाची? छत्रीला लाज नसते. पण पाऊस तिकडे वसाहतीत पडतोय आणि छत्री इथे कोरड्या जागी उभी. त्याचं काय ते बोला."

मी विचार केला. फार नाही केला. वसाहतीतले जखमी आमच्यापर्यंत पोचेपर्यंत रस्त्यातच जातात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिथे शाळेत तात्पुरतं ऑपरेशनचं टेबल टाकावं असं सर्जनसाहेब पहिल्यापासून म्हणत होते, पण भूल द्यायला मी एकटीच उरले होते. मी तयार झाले. हॉस्पिटलातल्या छोट्या ऑपरेशनांपुरतं एका नर्सला शिकवून ठेवलं. मेट्रननी सामान बांधून दिलं. मामांनी गाडी काढली.

इथे रोज पडतं. काल फळ्याच्या भिंतीला तडा गेला. आजही पडेल. गुरुवारची गाडी हे पत्र नेईल आणि तुम्हाला मी कुठे आहे ते कळेल. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी माझं ठरवलंय.

बंडोबा


५ ऑक्टोबर

बाबा,

माझा आताचा पत्ता: जुनी पिठाची गिरणी, नदीकडच्या वेशीजवळ. शाळा मी सोडली.

का सोडली ते तुम्हाला माहीत आहे. पत्र पोचलं असावं, कारण शनिवारपासून वसाहतीवर एकही गोळा पडला नाही. पहिल्या दिवशी कुणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी बायका टाकीवर कपडे धुवायला गेल्या. तिसऱ्या दिवशी पोरांनी मैदानात चेंडू काढला, तेव्हा मी मामांना म्हटलं, चला, गिरणीकडे. शाळेत माझ्या जागी दुसरी डॉक्टर आली, याच शहरातली, तरुण. आता तिथे भिंती आहेत, कामही करता येतं.

गिरणीत पीठ नाही, पण पिठाची धूळ आहे. सगळे पांढरे. ऑक्सिजनजवळ धूळ उडू नये म्हणून आम्ही सकाळी सगळीकडे पाणी शिंपडतो.

तुमचं पत्र मिळालं. पाच ओळींचं, त्यातला एक शब्द 'ब्लॅकमेल'. ठीक आहे. तुम्ही लिहिता की दर आठवड्याला तुम्हाला पलीकडच्या मंत्र्याकडे जाऊन मुलीसाठी भीक मागावी लागते. तो हसतो. म्हणतो, "आता कुठे गेली तुमची मुलगी?" तुम्ही लिहिता, की प्रत्येक मागणीला किंमत असते आणि तुमची पत संपत आली.

मग रोज एकेक गल्ली कशाला मागता? एकदाच सगळं मागा.

आणि भीक का? दोघांच्या तोफांचे गोळे आपल्या जहाजातून येतात. जहाज बंदरात अडवलं तर भीक कुणी मागायची? मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल, कारण दादाला म्हणून झालंय. आपण दुकान बंद केलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल आणि मग आपल्याला कोण विचारणार. बाबा, गिऱ्हाईक टिकवायचं म्हणून दुकान चालवताय, आणि वर बोर्ड लावलाय मध्यस्थीचा.

माझी तब्येत बरी आहे. विचारली नाहीत, तरी सांगते.

बंडोबा


१७ ऑक्टोबर

बाबा,

या वेळचं तुमचं पत्र मात्र लागलं. गिरणीच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं.

तुम्ही लिहिलंत, "तू ज्यांची ढाल झालीस त्यांच्याही तोफा आहेत. नदीच्या पलीकडच्या गावात काय चाललंय ते तुला दिसत नाही, कारण तू एकाच काठावर बसून मला माणुसकी शिकवतेस. तिकडेही हॉस्पिटल आहे. तिकडेही कुणाच्या तरी मुली आहेत."

खरं आहे. टोमणा म्हणून लिहिलंत, पण खरं आहे. गिरणीच्या गच्चीवरून ते गाव दिसतं. धूरही दिसतो. आम्ही रोज तिकडे पाहतो आणि इकडची तोफ वाजली की कुणीतरी म्हणतं, "बसला बरोबर." मीही मनात म्हटलंय.

म्हणून मी तिकडे जाते. सोमवारी मदत संस्थेची गाडी जखमी कैदी घेऊन नदीपार जाणार आहे, तिच्याबरोबर. तुम्हाला आता दोन मंत्र्यांकडे जावं लागेल.

मेट्रनशी भांडण झालं. असं भांडण मी तुमच्याशीही केलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ इकडच्या तोफखान्यात आहे. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट. भांड्यातली अवजारं पुसत पुसत बोलत होत्या.

"तिकडच्यांना वाचवणार तू."

"तिकडे भूलतज्ज्ञ नाही, मेट्रन. पायाच्या बोटापासून ढुंगणापर्यंत सगळं शुद्धीवर ठेवून कापतात."

"माझ्या बहिणीच्या घरावर बॉम्ब टाकला तेव्हा तिलाही कुणी भूल दिली नव्हती."

"म्हणून..."

"म्हणून काही नाही. जायचंय तर जा. माझा भाऊ तिकडे गोळे टाकतो. तू तिथे जाऊन उभी राहा, म्हणजे त्याने थांबायचं. आणि ते तिकडून त्याच्यावर टाकतील तेव्हा? तेव्हा तुझे बाबा फोन करतील का त्याच्यासाठी?"

हा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतेय. त्यांनी पाठ फिरवली ती फिरवली. निघताना निरोप दिला नाही.

मामा अँब्युलन्स घेऊन येताहेत. मी नको म्हटलं. म्हणाले, "तिकडचे रस्ते तुम्हाला कोण दाखवणार? लग्नाआधी मी तिकडे ट्रक चालवायचो. एका ढाब्यावर चहाचे पैसे द्यायचे राहिलेत." त्यांची बायको लाँड्रीच्या दारात उभी होती. तिने मामांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. ती काही बोलली नाही आणि, चमत्कार म्हणजे, मामाही बोलले नाहीत.

बंडोबा


२६ ऑक्टोबर

बाबा,

माझा आताचा पत्ता: नदीपलीकडचं गाव, बाजारातलं सिनेमा थिएटर. हॉस्पिटल पडल्यापासून ते इथेच आहे. खुर्च्या काढून टाकल्यात, पण जमीन उतरती आहे, त्यामुळे सगळे पलंग पडद्याच्या दिशेने घसरतात. चाकांखाली विटा लावतो.

इथले एकुलते एक सर्जन हाडांचे डॉक्टर आहेत. हाडांचं, पोटाचं, डोक्याचं सगळं तेच करतात. पहिल्या दिवशी मला त्यांनी दारातच विचारलं, "तुम्ही त्यांच्या की आमच्या?"

मी म्हटलं, "मी भूल देते."

"मग आत या," म्हणाले. "बाकीचं नंतर बघू." ते नंतर अजून आलेलं नाही.

बाकी सगळे मात्र बघतात. पाणी आणून देणारी बाई माझ्या हातात भांडं देत नाही, खाली ठेवते. आणि तिकडच्या रेडिओवर म्हणे माझं नाव न घेता बातमी दिली, की महासत्तेच्या दूताची मुलगी नदी ओलांडून शत्रूला मिळाली. मामा म्हणाले, "बघा, तिकडे तुम्ही फितूर, इथे तुम्ही हेर. दोन्हीकडे नोकरी पक्की."

इथे कसं आहे ते सांगते. अगदी तिकडच्यासारखं. गोळ्यांवर तीच अक्षरं, तेच 'कोरड्या जागी ठेवावे'. संध्याकाळी चादरी घेऊन बायका येतात. एक आजी रोज मला एकच प्रश्न विचारतात, "मोठ्या देशाचा साहेब काय म्हणतो?" त्यांना ठाऊक नाही तो साहेब माझा कोण. मी सांगते, "संयम बाळगा म्हणतो." त्या म्हणतात, "त्याला म्हणावं, आम्ही बाळगलाय. आता त्याने काहीतरी बाळगावं."

हे शब्द जसेच्या तसे पोचवते आहे. तुमच्या पद्धतीने सौम्य करून नाही.

बंडोबा


४ नोव्हेंबर

बाबा,

मामा गेले.

ऑक्सिजनची नळकांडी आणायला स्टेशनवर गेले होते. परत येताना बाजाराच्या तोंडाशी गोळा पडला. गाडी उलटली. त्यांना इथेच आणलं, माझ्या टेबलावर. छाती आणि पोट. हाडांचे डॉक्टर हात धूत होते तेव्हाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं.

मी मास्क लावला. मामा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, जास्त देऊ नका. अजून गाडी चालवायचीय."

त्यांना मी जागं करू शकले नाही.

गोळा नदीच्या त्या काठावरून आला. ज्यांच्यासाठी मामा आयुष्यभर गाडी चालवत होते त्यांच्याकडून. कदाचित मेट्रनच्या भावाच्या तोफेतून, कदाचित नाही. माझं पत्र तुम्हाला गुरुवारीच मिळालं असणार. पत्ता मी स्पष्ट लिहिला होता. तुम्ही फोन केलात का? केलात आणि त्यांनी नाही म्हटलं? की केलाच नाहीत? मला उत्तर हवं आहे, आणि ते मध्यस्थाच्या भाषेत नको आहे.

रडायला वेळ नाही, म्हणून नुसता राग आहे. मामांना मी इथे आणलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी ते कुणावर ढकलणार नाही. पण गोळा मी आणला नाही. तो कुणाच्या जहाजातून आला ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मी इथून हलणार नाही. पत्ता तोच.


२१ नोव्हेंबर

बाबा,

तुमच्याकडून एक ओळ नाही. तरीही लिहिते, कारण इथे काहीतरी झालंय आणि ते कुणालाच समजत नाही.

गोळे कमी होत गेले. आधी रात्रीचे थांबले, मग सकाळचे. इकडचे आणि तिकडचे एकदमच. लोक घाबरले. शांततेला माणूस इतका घाबरतो हे मला माहीत नव्हतं. आजी माझा हात धरून म्हणाल्या, "काहीतरी मोठं टाकणार आहेत."

मग बाजारात बातमी आली. मोठ्या देशाचं जहाज बंदराबाहेर उभं आहे. माल उतरवायची परवानगी नाही. दोन्ही बाजूंचा माल. दोघांकडे उरलेले गोळे जपून वापरायचा हुकूम निघाला, आणि जपून वापरायचे म्हटल्यावर दोघांनाही बोलणी आठवली. सोमवारपासून सीमेवरच्या जकात नाक्यावर बसताहेत.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे हे करता येत होतं."

मी म्हटलं, "हो. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी हातातली कात्री ट्रेमधे इतक्या जोरात टाकली, की सगळा वॉर्ड दचकला.

तुम्ही जकात नाक्यावर असाल, निळ्या टायमधे. तिथे मला बोलावू नका. येणार नाही. टाळ्या वाजवायला माझे हात रिकामे नाहीत.

बंडोबा


१९ डिसेंबर

बाबा,

माझा आताचा पत्ता: मुलांचं हॉस्पिटल, तिसरा मजला. म्हणजे जिथून निघाले तिथेच.

तुम्ही जकात नाक्यावर नव्हतात. हे मला काल कळलं. दादाचं पत्र महिन्याच्या सुरुवातीचं, फिरत फिरत आलं.

तो लिहितो, की चार नोव्हेंबरच्या आधी तुम्ही इकडच्या सेनापतीला स्वतः भेटायला गेला होतात. तो म्हणाला, "आमच्या तोफा कुठे मारतील ते तुमची मुलगी ठरवणार नाही," आणि तुम्हाला दारापर्यंत सोडायलाही उठला नाही. मग गोळा पडला. माझं पत्र तुमच्या हातात पडलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बंदराला तार केलीत आणि जहाज अडवलंत. आपल्या मंत्र्याला न विचारता. तो तुम्हाला परत बोलावून म्हणाला, "कुणाच्या हुकमाने?" आणि तुम्ही म्हणालात, "माझ्या." एवढं वाचून मी वॉर्डातच मोठ्याने हसले, आणि लगेच मला कोपऱ्यात जाऊन तोंड धुवावं लागलं.

जहाज त्यांना लगेच सोडून देता आलं नाही, कारण तोपर्यंत वर्तमानपत्रांत आलं होतं आणि अडवणं हेच आपलं धोरण होतं असं सांगणं जास्त सोयीचं झालं. तहावर सही करायला दुसरे दूत गेले. फोटोत तेच आहेत. तुम्ही घरी बसला आहात, टीव्ही बंद करून, असं दादा म्हणतो. फोन घेत नाही, मित्र येत नाहीत.

मी तुमचं सांत्वन करणार नाही. जहाज सप्टेंबरातही अडवता आलं असतं. तेव्हा अडवलं असतं तर मामा आज खाली आवारात कुणाशी तरी वाद घालत असते. तुम्ही उशीर केलात. हे मी लिहिणारच, आणि तुम्ही समोर असतात तरी बोलले असते. पण दुसऱ्या कुणीही ते केलं नसतं, हेही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही. मी माझ्या पत्रांबद्दल माफी मागणार नाही. तुम्हीही मागू नका, आपल्याला दोघांनाही ते जमत नाही आणि मधे पुन्हा दादाला यावं लागेल.

इथली हकिकत सांगते. तह झाल्यावर परत आले तेव्हा मेट्रननी मला थिएटरमधे घेतलं नाही. त्यांचा भाऊ जिवंत आहे, एक पाय नाही. दोन दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून होते. तिसऱ्या दिवशी एक बाळ आलं, सुरुंगावर पाय पडलेल्या आईच्या कडेवरचं. आतून हाक आली, "भूल!" नाव नाही, डॉक्टर नाही, नुसतं भूल. मी धावले. तेवढंच बोलणं झालंय अजून. रोज होतं, दिवसातून पाच-सहा वेळा.

मामांच्या बायकोकडे मी पहिल्याच दिवशी गेले. त्यांचा चष्मा आणि गाडीच्या किल्ल्या दिल्या. लाँड्रीत वाफ होती, ती चादरी पिळत होती. मी तिला सगळं सांगितलं. मास्क लावताना ते काय म्हणाले ते सांगितलं. गोळा कुठून आला ते सांगितलं. मी कोणाची मुलगी आहे ते तिला माहीत होतं, मामांनी सांगितलं होतं, पण जहाज काय होतं आणि ते कधी अडलं, कधी अडू शकलं असतं, हे तिला माहीत नव्हतं. तेही सांगितलं. तिने चादर शेवटपर्यंत पिळली. मग चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळून उभी राहिली.

आता तुमच्याबद्दल. मला "परत ये" असं लिहू नका. मी येणार नाही. इथे तीन मजल्यांवर मुलं आहेत आणि भूल देणारी डॉक्टर मी एकटी. यायचं असेल तर तुम्ही या. दूत म्हणून नाही, तसेही आता नाही आहात. विमान पलीकडच्या राजधानीत उतरतं. तिथून बस नदीपर्यंत येते, पूल आता उरला नाही, नावेने यावं लागतं आणि मग चढावर चालावं लागतं. गुडघ्याची पट्टी आणा. मी न्यायला येणार नाही, ड्युटी असेल. कुणालाही विचारा, भूलवाली डॉक्टर कुठे म्हणून. लोक सांगतील, आणि तुम्ही कोण असं विचारतील. खरं सांगा. कुणी तोंड फिरवेल. कुणी काही बोलेल. ऐकून घ्यावं लागेल, आणि मधे तोडता येणार नाही.

मामांच्या बायकोला मी काल म्हटलं, "माझे बाबा कदाचित येतील. तुम्हाला चालेल का?"

मशीन थांबलं, तिने दार उघडून कपडे बाहेर काढले, एकेक झटकला.

मग म्हणाली, "येऊ दे."

एवढंच. कोणत्या स्वरात म्हणाली ते मी तुम्हाला लिहून कळवणार नाही. या आणि तिच्यासमोर उभे राहा.

तुमची
मुलगी